चंद्रीचा कुंभक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात चार जीव राहत होते आणि त्यांपैकी दोघींना आत्मज्ञान झालेलं होतं. त्या दोघी म्हणजे माझी आई आणि आईची शेळी. उरलेले आम्ही नवरा-बायको अजून संसारातच अडकलेलो होतो. त्यातही माझी बायको सुरेखा शेळीच्या लेंड्या गोळा करण्यात जरा जास्तच अडकली होती.

(आपल्याला आत्मज्ञान झालंय, हे त्या दोघींना माहीत नव्हतं. ते मीच ठरवलं होतं.)

मी निवृत्त भूगोल शिक्षक. तीस वर्षं पोरांना 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकवला आणि तीस वर्षं त्याच प्रदेशात राहिलो, त्यामुळं माझ्या स्वभावातही पाऊस कमी पडतो असं सुरेखा म्हणते. जुळे सोलापुरात आमचं रो-हाउस आहे. पुढं पोर्च, पोर्चमध्ये गाडी, गाडीवर धूळ. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारेनासं झालं होतं. शाळेत निदान "सर, पाणी प्यायला जाऊ का?" एवढं तरी विचारायचे!

थंडी सरता सरता गावाकडं वडील गेले. गाव सांगोल्याच्या पलीकडं, शेरडा-मेंढरांचं. वडलांनी जन्मभर कळप राखला, आता धाकटा भाऊ बिरू राखतो. तेरावं झालं आणि मी पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "आई आता माझ्याकडं सोलापूरला येणार. लई राबली. आता तिनं नुसतं बसून खायचं." आईला विचारलं का? विचारलं की! "आई, येतीस न्हवं?" म्हणून सगळ्यांदेखत विचारलं. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं मी धरून चाललो. (वर्गातही मी "समजलं का?" विचारायचो आणि कुणी बोललं नाही की पुढचा धडा घ्यायचो.)

गाडीत बसायच्या वेळी मात्र आई जागची हलेना. तिच्या हातात चंद्रीचं दावं होतं. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी शेळी. तिची आई तिला व्याली आणि मेली, तेव्हा वडलांनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. ती शेवटपर्यंत वडलांच्या मागं मागं फिरायची. ते पारावर बसले की ही पाराखाली बसायची. आता आई गाडीच्या दाराशी उभी, चंद्री तिच्या शेजारी उभी आणि दोघी माझ्याकडं बघतायत. मग बिरूनं मुकाट्यानं मागची सीट आडवी केली आणि चंद्रीला आत घातलं.

सोलापुरात आल्यावर पहिले आठ दिवस आई 'व्हय' आणि 'न्हाय' एवढं बोलायची. मग 'व्हय' बंद झालं. आणखी चार दिवसांनी 'न्हाय'सुद्धा गेलं. पोर्चच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून ती भिंतीकडं तोंड करून बसायची, शेजारी चंद्री रवंथ करत बसायची. जेव म्हटलं की दोन घास जेवायची, नीज म्हटलं की आडवी व्हायची. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा बघितला, मेंदूचा फोटो काढायला लावला आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. बोलायला काही अडचण नाही. फक्त त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे." त्याच्या गोळ्या नव्हत्या.

इथं विनोद जरा बाजूला ठेवून सांगतो, मी घाबरलो होतो. आता जगात मला 'म्हाळू' म्हणणारं आईशिवाय कुणी उरलं नव्हतं. बिरूला मी 'दादा', सुरेखाला 'अवो' आणि सगळ्या गल्लीला 'सर'. वडलांबरोबर निम्मा म्हाळू गेला होता, आणि उरलेला निम्मा आईच्या तोंडात अडकून बसला होता. ती हाक परत कधी ऐकायला मिळणार नाही की काय, हाच विचार सारखा मनात यायचा.

भीती वाटली की माणूस एक तर देवळात जातो, नाही तर मोबाइल उघडतो. बाहेर ऊन फार होतं, म्हणून मी मोबाइल उघडला. त्यात कुणीतरी पाठवलं होतं, 'पशू हेच खरे योगी. त्यांना ना कालचा शोक, ना उद्याची चिंता.' मी मान वर करून बघितलं. समोर आई आणि चंद्री शांत बसलेल्या. आई वडलांसाठी एकदाही रडली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं आणि एकदम उजेड पडला! तिनं शोक पारच केला होता! आणि तो कुणाच्या संगतीत?

"आईला काही झालेलं नाही," मी स्वयंपाकघरात जाऊन सुरेखाला सांगितलं. "आईनं मौन घेतलंय."

"कुणाकडनं?"

"कुणाकडनं म्हणजे? ते आतून येतं. चंद्रीच्या सहवासानं तिला ती अवस्था प्राप्त झाली."

"अवो, त्यांना दुःख झालंय. जरा जवळ जाऊन बसा. मामंजींचं काय तरी बोला की त्यांच्याशी."

"मौनात व्यत्यय आणू नये."

"मग त्या लेंड्या तेवढ्या काढा," सुरेखा म्हणाली. "का त्याबी आतनंच काढायच्या?"

चैत्र लागला. सोलापूरचं ऊन कसं असतं ते सोलापूरकराला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. भर दुपारी आई चंद्रीच्या पाठीवर तांब्याभर पाणी शिंपडायची. एकदा ती शिंपडत असतानाच शेजारचे बालय्या अण्णा कंपाउंडवर कोपर टेकून उभे राहिले. अण्णांचा जन्म चादरीच्या मागावर गेला. आता माग नाही आणि गुडघेही नाहीत, त्यामुळं ते बहुतेक वेळ आमच्या कंपाउंडवर असतात.

"काय की सर," अण्णा म्हणाले, "पाचवा दिवस हाय. आज तरी नळाला पाणी येतंय का न्हाय?"

त्याच क्षणाला चंद्रीनं कानापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. आणि तासाभरात नळाला पाणी आलं!

खरं तर पाणी दर पाचव्या दिवशी येतच होतं आणि तो पाचवा दिवस होता. शिवाय पाठीवर गार पाणी पडलं की कुठलीही शेळी अंग झाडते. पण मी शिक्षक पडलो. समोर एक जरी माणूस तोंड उघडं ठेवून उभा राहिला, तरी मला शिकवल्याशिवाय राहवत नाही.

"अण्णा, याला कौल म्हणतात," मी म्हणालो. "आमच्याकडं देवासमोर बकरं उभं करतात, पाठीवर पाणी शिंपडतात. बकऱ्यानं अंग झाडलं की देवाचा होकार. जनावराला आतलं कळतं, ते देवाशी जोडलेलं असतं."

"अय्यो!" अण्णांनी हात जोडले.

(कौल दिल्यावर त्या बकऱ्याचं पुढं काय होतं, ते मी अण्णांना सांगितलं नाही. आमच्या गल्लीत शाकाहारी लोक बरेच आहेत.)

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बिराजदार काकू तांब्या घेऊन हजर! मुलाचा पुण्यात फ्लॅट होईल का? शिंपडलं पाणी, चंद्रीनं झाडलं अंग. होणार! तिसऱ्या दिवशी दोघीजणी आल्या, एकीच्या मुलीचं लग्न, दुसरीच्या नवऱ्याची बदली. चंद्रीचा स्वभाव मुळातच नकार देणाऱ्यातला नव्हता. जिथं प्यायच्या पाण्याचं पिंप लोक कुलूप लावून ठेवतात, त्या गल्लीत माणसं रांगेत उभी राहून शेळीवर तांबे रिकामे करू लागली. सुरेखानं मला बाजूला घेतलं.

"अवो, कपडे धुवायला पाणी न्हाय घरात. आन् ही शेळी दिवसातनं आठ अंघोळी करत्याय."

"श्रद्धेचं पाणी आहे ते."

"मग श्रद्धेच्या पाण्यात तुमचे कपडे धुते उद्यापासनं," ती म्हणाली. आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून तिनं माझे कपडे धुवायचे बंद केले.

मी मात्र रंगात आलो होतो. कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'चंद्रीची शिकवण' टाकायला लागलो. 'चंद्री कधी कुणाची निंदा करत नाही.' 'चंद्रीला गाडी-बंगल्याचा मोह नाही.' ज्या दिवशी तिनं बिराजदार काकूंची तुळस बुडख्यापर्यंत खाल्ली, त्या दिवशी मी टाकलं, 'चंद्री आपलं-परकं मानत नाही.' खाली सत्तावीस हात जोडलेले आले. सत्ताविसावा हात बिराजदार काकूंचा होता, आणि माणसानं हुरळून जायला एवढं पुष्कळ असतं.

आईचं काय चाललं होतं? आई भिंतीकडं तोंड करून बसलेलीच होती. तिच्या पाठीमागं एवढी जत्रा भरायची, पण ती वळून बघायची नाही. लोक जाता जाता तिच्याही पाया पडायचे. कुणी पायाला हात लावला की ती पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. "अहंकारच गळालाय," मी हळू आवाजात सांगायचो. एकदा कुणीतरी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तिनं तो काढला आणि चंद्रीपुढं टाकला. चंद्रीनं तो दोऱ्यापर्यंत खाल्ला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळ्या कारणानं. हार काढताना आईची नजर माझ्यावरून गेली. ती रस्त्यावरच्या माणसाकडं बघावं तशी होती.

एखाद्याला तिथंच शहाणपण सुचलं असतं. मला सुचलं ते व्याख्यान!

'पशूंचं अध्यात्म आणि आपण' असा विषय ठरवला. रविवारी सकाळी नऊ वाजता, स्थळ आमचा पोर्च. गाडी बाहेर काढली. कॉलनीच्या गणपतीचा माईक आणि भोंगा आणला, खुर्च्या आणल्या. रांगोळी काढायला सुरेखानं साफ नकार दिला, म्हणून ती मी काढली. (ती भारताच्या नकाशासारखी झाली. हाताला वळण तेवढंच आहे.) आणि शनिवारी ग्रुपवर मी एक ओळ टाकली. तिच्यासाठी मला आजही कुणीतरी बदडून काढावं. मी लिहिलं, 'येताना चंद्रीसाठी यथाशक्ती नैवेद्य आणावा.'

शनिवार संध्याकाळपासूनच नैवेद्य सुरू झाला. सोलापूरचा माणूस खाऊ घालण्यात हात आखडत नाही. ज्वारी, गहू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कडक भाकरीचा चुरा, वाटीभर गव्हाची खीर, चार पुरणपोळ्या, आणि बालय्या अण्णांकडून टोपभर पांढराशुभ्र भात. चंद्रीनं कुणाचंही मन मोडलं नाही. आई त्या वेळी आत आडवी होती. दुपारपासून कणकण आहे म्हणून सुरेखानंच तिला आतल्या खोलीत निजवलं होतं, आणि चंद्रीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं होतं. मी लक्ष ठेवलं. ती प्रत्येकाचं खातेय ना, एवढं मी नीट बघितलं.

रविवारी सकाळी मी ठेवणीतला रेशमी कुडता घालून बाहेर आलो, तर चंद्री उभी. भिंतीला कपाळ टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले, कान खाली. समोर हिरवा पाला टाकला तर तिकडं बघायला तयार नाही. दाताला दात घासत होती. माझ्या अंगावर काटा आला. आज, नेमक्या व्याख्यानाच्या दिवशी, तिची समाधी लागली होती!

नऊ वाजता पोर्च भरला. पहिला तांब्या बिराजदार काकूंचा होता. त्यांनी पाणी शिंपडलं. चंद्री हलली नाही. परत शिंपडलं. नाही. सगळी मंडळी माझ्याकडं बघायला लागली. मी माईक हातात घेतला.

"मित्रहो," मी म्हणालो, "आज ती होकार आणि नकार यांच्या पलीकडं गेली आहे."

"आहा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आपण अन्नासाठी धावतो. ती बघा! समोर हिरवा पाला आहे, पण इच्छा उरलेली नाही. आपण बडबडतो, ती गप्प आहे. या दोन जिवांनी, माझी आई आणि ही चंद्री यांनी, आपल्याला काय शिकवलं? तर आत वळा!"

"सर," बालय्या अण्णांनी पहिल्या रांगेतून हात वर केला. "त्याचं पोट लई मोठं दिसतंय की."

मी बघितलं. डाव्या बाजूनं पोट खरंच वर आलं होतं, पाठीच्या कण्याच्याही वर. शेरडा-मेंढरांच्या घरात जन्मलेला मी! दहाव्या वर्षापर्यंत कळपामागं फिरलेला मी! त्या पोटाकडं दोन क्षण नीट बघितलं आणि भोंग्यातून सगळ्या कॉलनीला सांगितलं,

"कुंभक! योगी श्वास आत घेऊन रोखून धरतात ना, तो कुंभक!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांचा आवाज विरतोय तोवर दारात आई उभी होती. भिंतीला धरून, विसकटलेल्या केसांनी, ती चंद्रीकडं बघत होती. लोकांनी भराभरा वाट करून दिली, दोघे-तिघे वाकलेसुद्धा. त्यांच्यामधून आई सरळ चंद्रीपाशी गेली आणि पोटावर दोन बोटांनी टिचकी मारली. हलगी तापवून वाजवावी तसा आवाज आला. आईनं मान वळवली.

"म्हाळू."

तीन महिन्यांनी! हातात माईक होता, तो मी तिच्यासमोर धरला आणि म्हणालो, "मंडळी, आईनं मौन सोडलं. तिचे पहिले शब्द आपण ऐकूया."

आई माईकमध्ये म्हणाली, "आरं मुडद्या, पोट फुगलंय तिचं! मराय लागलीया ती! आन् तू भाशान ठोकतुयास व्हय रं?"

चार गल्ल्यांपर्यंत गेलं ते.

"दानं कुणी घातलं तिला?" आईचा आवाज चढला. बालय्या अण्णांनी भाताचा रिकामा टोप हळूच खुर्चीखाली सरकवला. "आरं, शेळीला भात घालत्यात? बसताय काय नुसतं, उठा! म्हाळू, त्याल आन!"

"कसलं तेल, आई?"

"खायचं! तुज्या डोस्क्याला चोळायचं न्हाय मला!"

सुरेखानं धावत गोडेतेलाची किटली आणली, मला मात्र दार सापडत नव्हतं. आईनं चंद्रीच्या तोंडात थोडं थोडं तेल सोडलं, ठसका लागू नये म्हणून मान जपून धरली. मग कडुलिंबाची हिरवी काटकी मागवली, तिच्या तोंडात आडवी घातली आणि हाराच्या दोऱ्यानं शिंगांना बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि वारा सुटेल. "म्होरलं पाय वर घ्या तिचं," ती म्हणाली. उंच म्हणून दुसरं काही नव्हतं, तेव्हा चंद्रीचे पुढचे पाय माझ्या व्याख्यानाच्या टेबलावर चढवले. तिथून ती श्रोत्यांकडं बघू लागली. व्यासपीठावर तिला माझ्यापेक्षा जास्त शोभा आली, हे कबूल करायला हवं.

"आता चोळ पोट! डाव्या अंगानं! जोरात, जोर न्हाय का हातात?"

मी रेशमी कुडत्यानिशी गुडघ्यावर बसलो आणि चोळू लागलो. पोट दगडासारखं घट्ट लागत होतं. तिचा श्वास उथळ झाला होता, जीभ बाहेर आलेली. एवढ्या जवळून मी चंद्रीला प्रथमच बघत होतो. तिच्या डोळ्यांत समाधी नव्हती. मेंढरांच्या कळपात वाढलेल्या कुणालाही ओळखू आलं असतं ते तिथं होतं. ती घाबरली होती. जनावरांच्या डॉक्टरांना सुरेखानं फोन लावला, ते दूर एका गावात होते. "आजी करतायत तेच करत राहा, मी निघतो," म्हणाले. वीस मिनिटं गेली. आई चंद्रीच्या कानाशी लागून हळूहळू बोलत होती, "ऱ्हा गं बाय. त्येंनी ठिवल्याली तू. आता तू नगं जाऊ." मला ते ऐकवेना, पण हात सोडता येत नव्हते. मी मनात नवस बोललो की चंद्री वाचू दे, मी जन्मात कुणाला काही शिकवणार नाही.

आणि मग वारा सुटला! आधी पुढून एक ढेकर आली, माझ्या तोंडावर. मग मागून. तो आवाज किती वेळ चालला सांगता येत नाही, कारण माईक टेबलावर चालूच होता आणि चंद्रीची मागची बाजू थेट भोंग्यातून प्रसारित होत होती. मागच्या रांगेतल्यांना काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्यांनी सवयीनं हात जोडले.

दुपारपर्यंत डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. "आणखी तासभर गेला असता तर हाती लागली नसती," म्हणाले. माणसं कधीच पांगली होती. रिकाम्या खुर्च्या, विसकटलेला भारताचा नकाशा आणि मध्ये आई चंद्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मी अंगाला शेळीचा वास घेऊन जरा लांबच बसलो.

"आई, मला वाटलं ती शांत झालीय."

"जनावर दुखल्यावर वराडत न्हाय, म्हाळू," आई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "भित्तीला डोस्कं लावतं आन् गप ऱ्हातं. तुजा बाप शंभर मेंढरांत लांबनं वळखायचा, कोण गप हाय त्ये."

मी मान हलवली. आई थोडा वेळ चंद्रीच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"मी तीन म्हयनं भित्तीकडं तोंड करून बसल्याली. तुला काय वाटलं रं?"

खोटं बोलायला हवं होतं. पण त्या दिवसापुरतं माझ्यातलं खोटं संपलं होतं. "मौन," मी म्हणालो.

आई माझ्याकडं बघत राहिली. आधी तिला हसू आलं, खरंखुरं, पोटातून. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि तो पदर मग बराच वेळ खाली आला नाही. वडील गेल्यापासून ती रडली नव्हती, ते सगळं त्या दुपारी पोर्चमध्ये रडली. सुरेखा तिला धरून बसली. मी उठून तिच्या पायांशी गेलो. तिनं या वेळी पाय ओढून घेतले नाहीत, पण मला त्याचा आनंद वाटावा अशी माझी लायकी नव्हती.

"मला घरला सोड," संध्याकाळी आई म्हणाली.

"हे घरच आहे की, आई."

"हे तुजं हाय."

दुसऱ्या दिवशी मागची सीट आडवी केली. आई सांगोल्यापर्यंत एकसारखी बोलत होती. कुठल्या माळावर कुठला पाला, कुठल्या साली वडलांनी कळप कुठं उतरवला होता, सगळं. तिला एवढं बोलायचं होतं आणि ते ऐकायला तीन महिने फक्त एक शेळी होती. गावात शिरल्यावर चंद्री उडी मारून उतरली आणि थेट पाराखाली जाऊन बसली. पारावर कुणी नव्हतं. आई तिच्या मागोमाग गेली आणि मोकळ्या पारावर टेकली. मी गाडीपाशीच थांबलो.

"दादा, आई बोलाया लागली की!" बिरू म्हणाला. "काय औषध केलंस?"

"तुझ्यानं होणार नाही," मी म्हणालो. "त्याला भरपूर शिकलेला माणूस लागतो."

घरी परत आलो. पोर्चमध्ये आईची घोंगडी तशीच होती. मी तिच्यावर बसलो. कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून तोंड भिंतीकडं केलं. मला वडलांची आठवण येत होती, हे मला तिथं बसल्यावर कळलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागं कंपाउंडवर कोपर टेकल्याचा आवाज झाला.

"वहिनी," बालय्या अण्णा दबक्या आवाजात विचारत होते, "सरांनीबी मौन घेतलंय काय की?"

"थांबा, विचारून सांगते," सुरेखा म्हणाली. ती आतून तांब्या घेऊन आली आणि माझ्यामागं उभी राहिली. "अवो, आता दर रविवारी आईंकडं जायचं, तिथं त्यांच्याजवळ बसायचं, आन् तोंड मिटून त्यांचं ऐकायचं. कबूल?"

आणि तिनं सगळा तांब्या माझ्या मानेवर ओतला. पाणी माठातलं, गार होतं. मी कानापासून खालपर्यंत अंग झाडलं.

"दिला कौल!" अण्णांनी हात जोडले.

सुरेखानं माझ्या हातात खराटा दिला आणि तिनं तीन महिने गोळा करून ठेवलेल्या लेंड्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं. कौल दिल्यावर बकऱ्याचं पुढं काय होतं, ते मी अण्णांना नसलं तरी बायकोला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून बसलो होतो.